कटियाचं व्याकरण

आधी चहा घ्या. गरम आहे तोवर घ्या, आणि पुढचं ऐकताना घोट तोंडात धरून ठेवू नका. मी स्वतःच्या हाताने स्वतःची जी शोभा करून घेतली, ती ऐकताना मागच्या आठवड्यात आमच्या शेजारणीच्या नाकातून चहा आला होता.

तर झालं असं, की मी एका रॉक बँडची गाणी तपासली.

बघा, हसलात! अजून तर मी काही सांगितलंच नाही.

मी बनारसच्या मुलींच्या एका शाळेत तीस वर्षं हिंदी व्याकरण शिकवलं. अर्धं शहर मला अजून बहनजी म्हणतं. घर संकठा घाटाच्या वरच्या गल्लीत. सासरची मंडळी कितीतरी पिढ्यांपूर्वी कोकणातून इथे आली आणि मग गंगा सोडून कुठे गेलीच नाहीत. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी. आणि दोन्ही भाषा माझ्या धुतल्या तांदळासारख्या स्वच्छ, असा माझा दावा. दावा कसला, घमेंडच म्हणा ना!

आमच्या इकडे माणूस एकटा असला तरी स्वतःला ‘हम’ म्हणतो. गल्लीतून कुणी "हम जा रहे हैं" म्हणत एकटाच निघाला, की मी खिडकीतून विचारते, "कितने लोग जा रहे हैं, भैया?" भाजीवाल्याच्या पाटीवरची वेलांटी मी खडूने दुरुस्त केली आहे. आमचे हे म्हणतात, "तू एक दिवस ‘रामनाम सत्य है’ म्हणत जाणाऱ्यांनाही थांबवशील आणि ‘है’वर टिंब दिलं नाही ना, ते तपासशील."

हे बँकेतून निवृत्त झाले आहेत. दिवसभरात चार वाक्यं बोलतात, त्यातली तीन मला टोचणारी.

आता बँडकडे येते. माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा अनिकेत, आमचा अन्नू. बहीण आणि मेव्हणे रेल्वेत, दर तीन वर्षांनी बदली, म्हणून पोरगा सहावीपासून आमच्याकडेच वाढला. कॉलेजात गेला आणि गिटार घेऊन आला. मग त्याच्या मागून गुड्डन आला, तो गाणारा. गुड्डनच्या मागून इम्रान आला, तो ड्रम बडवणारा. तिघांनी बँड काढला आणि नाव ठेवलं ‘कटिया’.

कटिया म्हणजे माहीत आहे? विजेच्या खांबावरच्या तारेला आकडा टाकून लोक फुकट वीज ओढतात ना, तो आकडा!

"अरे, हे चोरीचं नाव आहे!" मी म्हटलं.

"मावशी, आमचं संगीतही तसंच आहे," अन्नू म्हणाला. "जिथून मिळेल तिथून ओढतो."

सहा वर्षं हे तिघं आमच्या छतावर वाजवत होते आणि सहा वर्षं गल्लीतले लोक आमच्या दारावर तक्रार घेऊन येत होते. एक शेजारी तर म्हणायचे, यांचं ऐकून माझी म्हैस आटली. म्हैस त्यांच्याकडे नव्हतीच, पण तक्रारीला जोर यावा म्हणून.

मग एक दिवस कुठल्याशा लग्नात एका नवरीने यांच्या ‘चार मिनट रुको’ या गाण्यावर मांडवात असा काही नाच केला, की तो व्हिडिओ वणव्यासारखा पसरला. महिन्याभरात ते गाणं रिक्षात, नावेत, मोबाइलच्या दुकानात. मी दाताच्या डॉक्टरकडे तोंड उघडून बसले होते, तर तो माझी दाढ ठोकत तेच गुणगुणत होता! आणि म्हैस आटलेले शेजारी? ते पाहुण्यांना आमचं छत दाखवू लागले. "यहीं से शुरू हुआ था. हम तो पहले दिन से कह रहे थे."

मुंबईच्या एका कंपनीने तिघांना बोलावून घेतलं. पूर्ण अल्बम करायचा, खऱ्या स्टुडिओत, काचेच्या खोलीत बसून. गल्लीने हार घालून पोरांना स्टेशनवर पोचवलं.

आणि मग तीन महिने काहीच नाही. गाणं सुचेनाच! अन्नू फोनवर बोलायचा तेव्हा त्याचा आवाज आजारातून उठल्यासारखा यायचा.

"मावशी, सगळे म्हणतात पुन्हा तसंच एक करा. पण तसं म्हणजे कसं? आम्ही तेव्हा काय केलं होतं तेच आता आठवत नाही."

मी काय सांगणार? मला गाण्यातलं काय कळतं? मी म्हटलं, "वेळेवर जेव."

पुढे कसं काय कोण जाणे, गाणी सुटली. भराभर दहा गाणी झाली. अल्बमचं नाव ‘लो वोल्टेज’. कंपनी म्हणाली, पहिला कार्यक्रम तुमच्या बनारसमध्येच करू, घाटावर. आणि इथे माझा प्रवेश होतो. नव्हे, घुसखोरी होते.

एका दुपारी अन्नूचा फोन. मागे ढाणढाण चाललेलं.

"मावशी, गाण्यांची फाइल पाठवलीय. त्याची पुस्तिका छापायचीय, आणि कार्यक्रमात मोठ्या पडद्यावर शब्द दिसणार आहेत. टायपिंगच्या चुका तेवढ्या बघशील?"

आता मला सांगा, तीस वर्षं व्याकरण शिकवलेल्या बाईला या वाक्यात काय ऐकू येईल? ‘टायपिंगच्या’ मला ऐकूच आलं नाही. ‘तेवढ्या’ तर नाहीच नाही. मला ऐकू आलं ते ‘चुका’ आणि ‘बघ’.

आमच्या यांच्या लॅपटॉपवर फाइल उघडली आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. पहिलीच ओळ: ‘हमको क्या मालूम था, तू ऐसे निकलेगी’. एकटा मुलगा गातोय आणि म्हणतो ‘हमको’! आणि मुलीला ‘तू’! शिवाय ‘निकलेगी’. ती काय ट्यूबमधली पेस्ट आहे?

"अहो, मला लाल रंग लावून द्या," मी यांना म्हटलं.

"कशाला?"

"कशाला म्हणजे? काळ्या शाईने कुणी वह्या तपासतं का?"

यांनी लाल रंग लावून दिला आणि मी पदर खोचला. तीन दिवस, सांगते तुम्हाला, तीन दिवस मी उठले नाही. वरण तीनदा लागलं. पहिल्या ओळीचं मी केलं: ‘मुझे यह ज्ञात नहीं था कि तुम इस प्रकार प्रस्थान करोगी’. बघा, काही अब्रू आली की नाही त्या मुलीला?

दुसऱ्या गाण्यात होतं, ‘दिल का ट्रांसफार्मर फुँक गया बे’. मी शब्दकोश काढला. ट्रांसफार्मरला हिंदीत ‘परिणामित्र’ असा सुंदर शब्द आहे. कुणी वापरत नाही, बिचारा कोशात पडून आहे. मी त्याला बाहेर काढलं. ‘बे’ खोडलं आणि तिथे ‘महोदय’ घातलं.

"हे ते गाऊ शकतील का?" ह्यांनी मागून वाचत विचारलं. दिवसाचं पहिलं वाक्य.

"गाणं अन्नू बघेल. मी भाषा बघते."

तिसऱ्या गाण्याशी मात्र मी अडले. ‘छोड़ दिया, तोड़ दिया, फिर से जोड़ दिया’. कोणी सोडलं? कोणी तोडलं? वाक्यात कर्त्याचा पत्ताच नाही! आता माझ्या मनाने कर्ता कसा घालू? म्हणून ओळीच्या जागी लाल अक्षरात लिहून ठेवलं, ‘यहाँ कर्ता कौन है? स्पष्ट करो।’ समासात टिपण कसं लिहितात ते मला येत नव्हतं, म्हणून अशी आणखी चार-पाच टिपणं मी ओळींच्या मधेच लिहिली.

फाइल अन्नूला पाठवली. पाचच मिनिटांत त्याच्याकडून अंगठा आला. तो पिवळा अंगठा हो, मोबाइलवरचा! मी यांना दाखवला. "बघा, वाचून पसंत केलं पोराने." एवढी गाणी पाच मिनिटांत वाचून होतात का, हा प्रश्न तेव्हा माझ्या डोक्यात का आला नाही, देव जाणे. पोराने फाइल उघडलीही नव्हती. तशीच पुढे ढकलली होती, "मावशीने तपासलंय, आता काय बघायचं!" असं म्हणून.

दोन दिवसांनी मुंबईहून एका मुलीचा फोन. तन्वी नाव. पुस्तिका आणि पडदा दोन्ही तिच्याकडे होतं.

"मॅडम, फाइलमध्ये काही ओळी काळ्या आहेत आणि काही लाल. नक्की कुठल्या घ्यायच्या?"

इथे, या क्षणी, माझ्या हातात सगळं होतं. मी म्हणू शकले असते, अन्नूला विचार. पण नाही! मी आवाजात शाळा आणली.

"जिथे लाल आहे तिथे लाल घ्यायचं. काळं चुकीचं, लाल बरोबर. एकही लाल अक्षर सोडायचं नाही, समजलं?"

"ओके मॅडम. एकही सोडत नाही," ती म्हणाली.

गुणी मुलगी. तिने खरंच एकही सोडलं नाही.

कार्यक्रम ब्रह्मा घाटावर, थंडीतल्या रविवारी, सकाळी नऊला. रॉक बँड आणि सकाळी नऊला! संध्याकाळी आरत्या आणि नावांची गर्दी, परवानगी मिळाली ती सकाळची. इम्रान तर ड्रमवर डोकं टेकून डुलक्या घेत होता. पायऱ्यांवर मुंगीला जागा नाही. पाण्यात नावा भरून माणसं. कचोरी खात खात लोक आले होते. ब्रह्मा घाटावरची आमची मराठी मंडळीही झाडून हजर, आणि एका बाजूला वेदपाठशाळेचे म्हातारे गुरुजी, शाल पांघरून, "पोरं काय करतात ते बघू तरी" म्हणत.

मी पहिल्या रांगेत. नवी पैठणी. थंडीत पैठणी कशाला, असं ह्यांनी विचारलं होतं. मी म्हटलं, पडद्यावर माझे शब्द येणार आहेत.

आता एक गोष्ट तुम्हाला सांगायला हवी. गुड्डनचा आवाज सोन्याचा, पण स्मरणशक्ती चाळणीची. त्याला स्वतःचं गाणंही पाठ नसतं. म्हणून त्याच्या पायाशी एक छोटा पडदा ठेवतात, मोठ्या पडद्यावर जे दिसतं तेच त्यावर दिसतं. तो बघतो आणि गातो. समोर रेल्वेचं वेळापत्रक ठेवलं तरी गाईल.

गिटार सुरू झाली. गुड्डनने डोळे मिटले, तोंड उघडलं, डोळे उघडले, खाली बघितलं. आणि गायला,

"मुझे यह ज्ञात नहीं था... कि तुम इस प्रकार... प्रस्थान करोगीऽऽ"

आता ती चाल होती छोट्या ओळीची. एवढे शब्द त्यात बसतात होय? गुड्डन शब्द कोंबायला लागला, जशी दिवाळीला माहेरवाशीण बॅग भरते. शब्द संपेनात म्हणून इम्रान दचकून जागा झाला आणि त्याने ड्रमचा वेग वाढवला. वेग वाढला म्हणून गुड्डन आणखी घाईने वाचू लागला. दोघं एकमेकांच्या मागे धावत सुटले!

आणि मी? खोटं नाही सांगत, मी यांना कोपर मारलं. "ऐकलंत? किती स्वच्छ!"

मग माझं लक्ष अन्नूकडे गेलं. तो मोठ्या पडद्याकडे बघत होता. त्याचं तोंड उघडं होतं. दहावीचा निकाल बघताना होतं ना, अगदी तसं.

त्या क्षणी मला ‘टायपिंगच्या’ हा शब्द ऐकू आला. इतक्या दिवसांनी! आणि त्यामागून ‘तेवढ्या’.

"अहो," मी म्हटलं, "बहुतेक माझ्याकडून काही गडबड झाली."

"बहुतेक?" हे म्हणाले.

पण तोवर दुसरं गाणं सुरू झालं होतं. गुड्डन घामाघूम.

"हृदय का परिणामित्र... जल गया है... महोदय!"

घाटावर एक मोठा हशा फुटला. दुसऱ्या वेळी ओळ आली तेव्हा मागच्या पायऱ्यांवरून पोरं ओरडली, "महोदय!" तिसऱ्या वेळी नाववालेसुद्धा. मी पदर डोक्यावर ओढला, मग तोंडावर ओढला. माझ्या पोराच्या इतक्या वर्षांच्या मेहनतीवर मी बोळा फिरवला होता. कंपनीची माणसं तिथे उभी, कॅमेरे उभे. मला वाटलं, समोर गंगा आहे, सरळ उतरावं.

तेवढ्यात मागून एक खणखणीत बायकी आवाज आला. "अरे! ये तो हमारी बहनजी की जाँची हुई कॉपी है!"

माझी जुनी विद्यार्थिनी! आता पोलिसात आहे, बंदोबस्तावर होती. तिने लाठीने दाखवलं, "वो बैठी हैं, पल्लू में!"

पाच-पन्नास बायका उठून बघायला लागल्या. सगळ्या माझ्या हातचा मार खाल्लेल्या. आणि बरोबर याच मुहूर्तावर तिसरं गाणं लागलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते यालाच. गुड्डनने खाली बघितलं, एकदा डोळे चोळले, आणि आता काय व्हायचं ते होवो म्हणून आभाळाकडे तोंड करून, जीव तोडून आळवलं,

"यहाँऽऽ कर्ता कौन हैऽऽ? स्पष्ट करोऽऽ"

एकदम शांतता. एवढ्या गर्दीत पाणी पायऱ्यांना लागल्याचा आवाज ऐकू आला.

आणि मग त्या शांततेत म्हाताऱ्या गुरुजींनी शालीतून हात बाहेर काढला. "वाहवा!" ते ओरडले. "क्या बात कही! कर्ता कौन है!"

काशी आहे हो ही! दुसऱ्या कुठल्या गावात लोक हसले असते. इथे माणूस पानाच्या दुकानावर उभा राहून मोक्षाबद्दल भांडतो. घाटावर असा गजर झाला, की घाबरून कबुतरं उडाली. नावेतून लोक ओरडत होते, "कर्ता कौन है?" पायऱ्यांवरून उत्तर येत होतं, "स्पष्ट करो!" इम्रानने त्यावर ठेका धरला. आणि अन्नू, जो इतका वेळ पुतळा होऊन उभा होता, तो हसायला लागला. असा हसला, की गिटार पोटाशी धरून खाली बसला. मग उठला आणि त्या एकाच ओळीवर त्याने जी काही गिटार वाजवली! किती वेळ ते गाणं चाललं, मला सांगता येणार नाही. लोक संपूच देईनात.

शेवटी अन्नूने मला मंचावर ओढलं. मी "नको, नको" म्हणत होते, पण पोलिसातली विद्यार्थिनी मागून ढकलत होती. सरकारी काम!

"बहनजी, बताइए," गर्दीतून कुणीतरी विचारलं, "कर्ता कौन है?"

मी माइकवर खरं ते सांगितलं. "देखिए, वाक्य में कर्ता था ही नहीं. इसलिए पूछा."

"अहाहा!" गुरुजी उठून उभेच राहिले. "कर्ता था ही नहीं! सारा वेदान्त एक वाक्य में!"

पुन्हा गजर! लोक हात जोडायला लागले. मी सांगत होते की अहो, यात परीक्षेत एक गुण जातो, एवढंच. पण कोण ऐकतं?

आता खरं म्हणजे मी इथे खाली उतरायला हवं होतं. शहाणी बाई उतरली असती. पण लोकांनी हात जोडले की पाय जमिनीला कसे लागणार? मी तिथेच अन्नूशेजारी उभी राहिले, मोठ्या ऐटीत.

"परवानगीची वेळ संपत आलीय, आता शेवटचं गाणं," अन्नू माइकवर म्हणाला. आधी हिंदीत, मग मराठीत. "हे मराठीत आहे, आमच्या घरातलं. हे मावशीला तपासायला दिलं नव्हतं. मुद्दामच."

एकच गिटार, हळू. आणि यावेळी अन्नू स्वतः गायला. कातर, साधा आवाज.

"रुक जरा, मी येऊन राहिले,
छतावर कपडे सुखून राहिले,
इथे सगळं ठीक आहे रे,
तुझी याद येऊन राहिली..."

मला राहवेल का? तुम्हीच सांगा! माइक समोर, पडद्यावर एवढाली अक्षरं, आणि ब्रह्मा घाटावरची सगळी मराठी मंडळी समोर बसलेली.

"थांब, थांब!" मी म्हटलं. घाटभर आवाज गेला. "अरे, ‘रुक’ काय? ‘थांब’ म्हण. कपडे सुखत नाहीत, वाळतात! आणि ‘येऊन राहिले’ हा काय प्रकार आहे? आपल्या घरातलं म्हणतोस? असं मराठी कोण बोलतं?"

मराठी मंडळींत खसखस पिकली. मला वाटलं, माझ्या बाजूने हसताहेत. मी आणखी ताठ झाले.

अन्नूने खिशातून फोन काढला आणि माइकला लावला.

आणि गंगेवरून, पार पलीकडच्या वाळूपर्यंत, माझा आवाज गेला.

"अन्नू, फोन का नाही उठवत रे? मी परेशान होऊन राहिले. रुक जरा, छतावर जाऊन येते, कपडे सुखून राहिलेत आणि वानर येऊन राहिले. ए हट! हट! गेलं मेलं, काकांची बनियान घेऊन गेलं! बरं, तू जेवलास का? इथे सगळं ठीक आहे. तुझी खूप याद येऊन राहिली."

नावेतले लोक टाळ्या वाजवत होते. मराठी मंडळी एकमेकांच्या अंगावर पडत होती. हे, चार वाक्यांवाले, डोळे पुसत होते, इतके हसत होते. मी तोंड उघडून उभी.

तो मुंबईला असताना फोन उचलायचा नाही, म्हणून मी रोज दुपारी त्याला असे बोलून निरोप पाठवायचे. मला काय माहीत, कसं बोलते ते! आपलं बोलणं आपण कधी ऐकतो का?

मग अन्नू माझ्या कानाशी आला, माइक बाजूला करून. "मावशी, तीन महिने एक ओळ सुचत नव्हती. त्या काचेच्या खोलीत बसून मी तुझे निरोप ऐकायचो. एक दिवस ऐकता ऐकता हे गाणं झालं. हे झालं आणि मग बाकीची नऊ सुटली. म्हणून हे तुला दिलं नाही. तू लाल केलं असतंस."

केलंच असतं हो! तुम्हाला खोटं कशाला सांगू?

मी त्याचे गाल कुस्करले. एवढा दाढी वाढवलेला पोरगा, सगळ्या कॅमेऱ्यांसमोर कुस्करले. तो पुन्हा पहिल्यापासून गायला, आणि मी बाजूला उभी राहून, पैठणीच्या पदराला नाक पुसत, एकही चूक न काढता ऐकलं. आयुष्यात पहिल्यांदा.

अल्बम निघाला. घाटावरचं ‘कर्ता कौन है’ जसंच्या तसं त्यात घातलंय आणि लोक म्हणतात, सगळ्यात जास्त तेच वाजतं. आमच्या गल्लीतलं भजनी मंडळही म्हणतं. ते मराठी गाणंही चाललं, थेट पुण्यापर्यंत गेलं. पुण्याला माझी नणंद असते. ती तिकडे कॉलेजात मराठी शिकवायची. परवा सकाळी तिचा फोन आला.

"वहिनी, गाणं काय गोड आहे! डोळ्यांत पाणी आलं माझ्या. पण भाषा मात्र फारच अशुद्ध हो. ‘रुक’ काय, ‘सुखून राहिले’ काय! शब्द कोणाचे आहेत?"

समोर हे वर्तमानपत्र वाचत बसले होते. त्यांनी ते सावकाश खाली केलं आणि माझ्याकडे बघत बसले.

आता सगळा घाट साक्षीला होता, हे मला ठाऊक आहे. पण तो घाट पुण्यात नाही ना!

"शब्द अन्नूचे," मी म्हटलं. "आजकालची पोरं, भाषा कुठे येते त्यांना? मी तर सांगून सांगून थकून राहिले."

तिकडची मराठीची बाई जागी झाली.

"काय म्हणालात, वहिनी?"

मी घाईघाईने फोन काटला.

ठेवला! ठेवला म्हणायचं होतं मला.